पाहणीवाल्याला मी काय सांगितलं

माझ्या धाकट्या भावाचं देगलूरचं घर झालं नाही, ते समोरच्या टेलरमुळे नाही. माझ्यामुळे. एवढं वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

भाऊ माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. दहावीला दोनदा नापास झाला, तेव्हा मीच त्याला हद्दीपलीकडे बोधनच्या राइस मिलमध्ये चिकटवून दिलं. तेव्हा ते आंध्र होतं, आता तेलंगणा. मी शाळामास्तर. गावात मी गुरुजी आणि तो गुरुजींचा नापास भाऊ. हा क्रम मला आवडायचा.

तो तेलुगू शिकला, मिलचा सुपरवायझर झाला. पोरांची शाळा मराठी, म्हणून त्याची बायको आणि दोन मुलं आमच्याच पत्र्याच्या घरात, मागच्या खोलीत राहायची. तो शनिवारी संध्याकाळी यायचा. एरवी अर्धी भाकरी ठेवून उठणारी आई त्या दिवशी दोन खायची. मी ते बघायचो.

मग त्याने उदगीर रोडला प्लॉट घेतला. एका शनिवारी बाजेवर घराचा नकाशा पसरून बसला. माझी बायको बराच वेळ वाकून बघत होती. आत आल्यावर म्हणाली, “दोन संडास हायती. एक नुसता पाव्हण्याला. आन् आपुन पस्तीस वर्सं नोकरी केली म्हनायची!” त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

कर्ज काही केल्या मिळेना. बोधनची बँक म्हणे, घर महाराष्ट्रात, ते आम्ही गहाण कसं ठेवून घ्यायचं? देगलूरची म्हणे, पगार तेलंगणातला, हप्ता थकला तर धरायचं कुणाला? आठ महिने तो दोन्हीकडे कागद नाचवत होता आणि दर नकाराला मी “अरेरे” म्हणत होतो. माझं ते “अरेरे” ऐकायला बरं वाटायचं. मला स्वतःलाच.

शेवटी नांदेडची एक घरकर्जाची कंपनी तयार झाली. अट एकच. त्याचं बिऱ्हाड खरंच देगलूरला आहे, हे त्यांचा माणूस घरी येऊन बघणार. आता घरपट्टी माझ्या नावाची, विजेचं मीटर माझं, रेशनकार्डावर पहिलं नाव माझं. त्याच्याकडे पुरावा म्हणजे माझा शब्द.

त्याचा फोन आला. “दादा, साहेब येतेत. बिऱ्हाड हितंच हाय, एवढं सांगा. दुसरं काय न्हाई.”

“सांगतो की,” मी म्हणालो.

तो माणूस आला मे महिन्यात. मुलं त्यांच्या आईबरोबर सुट्टीला बोधनला गेलेली, मागच्या खोलीला कुलूप. त्याने हेल्मेट काखेत धरून कुलपाकडे बघितलं.

“गुरुजी, इथं कोणी राहतं का?”

‘सुट्टीला गेलेत.’ दोन शब्द पुरे होते. मी म्हणालो, “येतेत, जातेत. त्याचं आता सगळं तिकडंच झालंय.”

त्याने लिहून घेतलं. मी त्याला चहाही पाजला. जाताना तो समोर टेलरच्या दुकानापाशी घटकाभर थांबला, बिलोलीचा रस्ता विचारायला.

कर्ज नामंजूर झालं. चौकशीत राहणं सिद्ध होत नाही, असं कारण आलं. भाऊ त्या शनिवारी चप्पलही न काढता अंगणात उभा राहिला. “ह्या टेलरनंच सांगितलं असंल, दादा. नालीच्या जुन्या भांडनाचं उट्टं काढलं त्यानं. तो मानूस त्याच्याजवळ थांबला व्हता म्हनं.”

“मानसाचं काय सांगावं,” मी म्हणालो.

त्याने प्लॉट विकला. तिकडच्या बँकेचं कर्ज काढून बोधनलाच घर बांधलं, बायकामुलांना नेलं. आईही गेली. शेवटची दोन वर्षं ती तिथेच राहिली, तिथेच वारली. माझ्या घरात मागची खोली मोकळी झाली. तिच्यात आता आमचं जुनं सामान आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी बोधनला गेलो ते सांगायचं ठरवूनच. तरी फाटकातून आत शिरताना आधी खिडक्या मोजल्या. अकरा.

व्हरांड्यात तो शेंगा फोडत बसला होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याचा हात थांबला नाही. सुपातल्या शेंगा संपल्या, तेव्हा तो बोलला.

“त्या टेलरला नऊ वर्सं रामराम घातला न्हाई मी.”

“हाव.”

“पोरीच्या लग्नाची पत्रिका घिऊन आल्ता तो, हितवर. मी दारातूनच वापस लावला त्याला.”

मला हे माहीत नव्हतं.

“उठा,” तो म्हणाला. “त्याला सांगायचं. माज्यासमोर.”

आतून त्याची बायको म्हणाली, “अवो, भावजींना जेवून तर जाऊ द्या.”

“आधी हे.”

त्याने गाडी काढली. मी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसलो. देगलूर येईपर्यंत टेलरसमोर काय बोलायचं, ते मी मनात जुळवत होतो. जुळवता जुळवता एकीकडे हेही मनात येत होतं, की नापास पोराच्या गाडीत एसीचा काय गारवा आहे!