भाऊजींचे टाळीचे दिवे

माझ्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, मला चारचौघांत जितक्या वेळा मान खाली घालायला लावली, तितक्या वेळा अख्ख्या नागपुरात कुणी कुणाला लावली नसेल. माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हिंगण्याच्या एका कारखान्यात विजेच्या दुरुस्तीचं काम करायचे, कंपनीच्या बसनं जायचे आणि त्याच बसनं परत यायचे. अशा माणसाची लाज वाटायचं कारण काय, असं कुणीही विचारील. कारण असं की धरमपेठेतल्या त्यांच्या बिऱ्हाडात एकाही दिव्याला बटन नव्हतं. दिवे टाळीवर लागायचे.

टीव्हीसुद्धा गल्लीत एखाद्याकडेच असायचा त्या काळातली ही गोष्ट. जुन्या टेलिफोनमधला बोलायचा तुकडा, थोडे ट्रान्झिस्टर आणि वीज जोडणारा-तोडणारा एक रिले एवढं सगळं साबणाच्या डबीत कोंबून भाऊजींनी प्रत्येक खोलीत एकेक डबी टांगली होती. टाळी वाजली की डबीत खट् व्हायचं आणि दिवा लागायचा. पुन्हा टाळी, पुन्हा खट्, दिवा बंद. "माणसापासून दिव्यापर्यंत एक तार दाखवून दे मले," ते अभिमानानं म्हणायचे, "पूर्ण बिनतारी!" पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी टाळीचं शिक्षण मिळायचं. एकदा मी सदर भागातल्या आमच्या ऑफिसाच्या हेडक्लार्कना तिथं जेवायला नेलं, तर भाऊजींनी त्यांना दारातच थांबवलं. "असं नाही साहेब, तळहात जरा पोकळ ठेवा. जोर नको, आवाज टणक पाहिजे." साहेब उंबऱ्यात उभे राहून अंधाराकडे बघत टाळ्या वाजवत होते, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या बायका कीर्तन आहे की काय म्हणून दारात आल्या. नंतर कितीतरी दिवस मी ऑफिसात त्यांच्या टेबलासमोरून जात नव्हतो.

डबी टांगून काम संपत नसे. खरं काम पुढंच होतं. प्रत्येक डबीला एक बारीक स्क्रू होता आणि तो फिरवून तिनं किती ऐकायचं ते ठरवावं लागे. स्क्रू जास्त फिरला तर ती फोडणीच्या तडतडीवर दिवा लावायची, कमी फिरला तर टाळ्या वाजवून माणसाचे हात लाल व्हायचे. न्हाणीघरात ताई धुणं धोपटायला बसली की दिव्याची उघडझाप सुरू. सगळ्यात मोठा छळ स्वयंपाकघरात. ज्वारीची भाकरी थापायची म्हणजे आवाज होणारच, आणि प्रत्येक थापेला दिवा विझणार किंवा लागणार. तेव्हा रोज संध्याकाळी ताई परातीपुढं आणि भाऊजी स्टुलावर पेचकस घेऊन, असा संसार चालायचा. "आता थाप वं. जरा हळू. आता जोरात." अखेर एकदाचं त्या डबीला भाकरी कळली आणि टाळी कळली. त्या दिवशी भाऊजींनी गल्लीत पेढे वाटले. लोक मला विचारू लागले, ताईकडे काही गोड बातमी आहे का. मी काय सांगणार? सांगितलं, भाकरी जमली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण धाकट्या बहिणीला, सुमनला, पाहायला काटोलकडचे पाहुणे येणार होते, आणि आमचं गाव आडवळणाला म्हणून कार्यक्रम ताईकडे ठरला. आधीच्या एका स्थळानं नकार कळवल्यापासून आईनं हाय खाल्ली होती. सुमन वरवर हसायची, पण जेवण कमी झालं होतं. मी भाऊजींच्या हातापाया पडलो. "त्या दिवसापुरती तरी बटनं लावा."

"तू काहून घाबरून राहिला गा? कप वाजू दे, बशी वाजू दे, कोणी खोकलू दे, दिवा हलणार नाही. सगळं वाजवून पाहिलं मी."

खरोखरच पाहिलं होतं. आदल्या दिवशी सुटी टाकून ते बैठकीत कपबशा वाजवत बसले होते. पण त्या घरात तंबाखू कुणीच खात नव्हतं.

आईबाबा सुमनला घेऊन सकाळीच गावाहून आले होते. दिवेलागणीला पाहुणे आले. सुमन पोह्याच्या बशा देऊन समोर बसली. मुलाचे वडील, पांढऱ्या मिशांचे शेतकरी, तिला दोन प्रश्न विचारून निवांत झाले. त्यांनी चंची उघडली, तंबाखूला चुना लावून तळहातावर मळला आणि सवयीनं वरून एक टाळी दिली. खट्. काळोख.

"लाइन गेली वाटते," मी घाईघाईनं म्हणालो. समोरच्या बिऱ्हाडाचा दिवा खिडकीतून लख्ख दिसत होता.

म्हाताऱ्यांनी दुसरी टाळी दिली. खट्. उजेड. तिसरी दिली. पुन्हा काळोख, आणि त्यात कुणाची तरी बशी खाली पडली.

"हे काय होऊन राहिलं गा?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

भाऊजींनी उठून टाळी वाजवली. उजेडात पाहिलं तर सुमनच्या लुगड्यावर पोहे सांडले होते आणि तिचे डोळे भरले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. म्हाताऱ्यांनी भिंतींवरून नजर फिरवली. "घरात बटन नाही? काहून?"

आता बिनतारीचं व्याख्यान होणार म्हणून मी डोळे मिटले. पण भाऊजींनी आधी आत पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून ताई मानेनंच नको नको म्हणत होती.

"हिले शॉक बसला होता," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले. "लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. ओला हात बटनाले लागला. मी तिकडे कंपनीच्या मशिनी दुरुस्त करून राहिलो होतो, अन् घरचं बटन फुटलेलं होतं ते मले माहीत होतं. उद्या बदलू, उद्या बदलू, करत होतो. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं हिले."

आईबाबांना, मला, कुणालाच हे माहीत नव्हतं. माहेरी सांगू नको, असं त्यांनी ताईला विनवलं होतं. आणि आज तीच सासुरवाडी समोर बसलेली असताना, परक्या माणसांपुढं, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यांचे कान लाल झाले होते. ताईनं पदरात तोंड लपवलं.

म्हाताऱ्यांनी मळलेला तंबाखू टाळी न देताच ओठाखाली ठेवला. "पोरगी आमाले पसंत आहे," ते म्हणाले. "तुमी बसा पयले, जवाईबापू. उभे काहून?"

लग्न झालं, सुमन सुखात आहे. भाऊजींनी मात्र त्याच आठवड्यात सगळ्या डब्या उतरवल्या आणि नवी कोरी बटनं बसवली. तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण ताईच्या हाताची सवय गेली नाही. कणीक माखल्या हातानं ती स्वयंपाकघरात टाळी वाजवायची, आणि भाऊजी पेपर खाली ठेवून निमूट उठायचे, बटन दाबायचे आणि परत येऊन पेपर वाचायचे. आम्ही हसलो की खाली बघायचे.

आता भाऊजी नाहीत. मागच्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. अंधारून आलं, मी पेपर चाळत होतो, आणि आतून टाळी ऐकू आली. मला उमजायला जरा वेळ लागला. मग उठलो, आत जाऊन बटन दाबलं. ताई परातीपुढं बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"उशीर लावला रे," ती म्हणाली. "ते लवकर उठत."