पुन्हा बोला

सोनगीरला हायवेच्या कडेला बेबाबाई आणि तिचा नवरा मिळून लहानसा ढाबा चालवतात. ती ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापते, तो ताटं वाढतो. ट्रकांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलता बोलता बेबाबाईचा गळा असा काही घोगरा आणि भारदस्त झालाय की नवखं गिऱ्हाईक घास हातात धरून बघत राहतं. ललितही असाच बघत राहिला. हा ललित गावातलाच पोरगा, डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलेला. मोबाईलवर चालणाऱ्या खान्देशी विनोदी फिती काढून काढून त्याची भीड चेपली होती आणि आता त्याला पूर्ण लांबीचा सिनेमा काढायचा होता.

सिनेमा होता रेडिओवर रात्री उशिरा बोलणाऱ्या एका पोरीचा. तिचा कार्यक्रम 'पुन्हा बोला'. झोप न येणारं निम्मं धुळं तिला फोन लावतं, कुणी प्रेमात पडलेलं, कुणी पडून आपटलेलं, आणि त्या सगळ्यांच्या भानगडी निस्तरता निस्तरता पोरगी स्वतःच कुणाच्या तरी प्रेमात पडते. फोन करणाऱ्यांत एक म्हातारी आहे. तिला नवऱ्याचे आभार मानायचे असतात, आणि ते घरात जमत नाही म्हणून ती रेडिओवर मानते.

"अक्का, करशील का हे काम?" ललितने विचारलं.

"करसू," बेबाबाई म्हणाली, तीही इतक्या झटक्यात की ललितला समजूत घालायला जुळवून आणलेली सगळी वाक्यं गिळावी लागली.

तिला कारण होतं. लग्नाला बरीच वर्षं लोटूनही तिची कूस उजवली नव्हती तेव्हाची गोष्ट. सासूने परस्पर मुलासाठी नरडाण्याकडचं दुसरं स्थळ बघितलं, पाहुणे घरी आले, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायची पाळी बेबाबाईवरच आली. ती चुलीपुढे बसून रडत होती. तेवढ्यात ओटीवरून नवऱ्याचा आवाज आला, "माले बायको शे. जो चहा पी ऱ्हायनात ना, तो तिनीच करेल शे." पाहुण्यांनी कपबश्या खाली ठेवल्या. त्या दिवसानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही. सासूने काढला नाही, नवऱ्याने काढला नाही, आणि बेबाबाईनेही काढला नाही. मनात मात्र ती ते रोज म्हणायची. या माणसाने मला घरात ठेवलं असं नाही, मानाने ठेवलं, हे तिला एकदा त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. पण भाकरी थापताना असलं बोलतात का कुणी? सिनेमाच्या आडून मात्र बोलता येईल, आणि तो जवळपास बसलेला असला तर ऐकेलही. म्हणून शूटिंगच्या दिवशी तिने ढाबा बंद ठेवला आणि नवऱ्याला बरोबर घेतलं. "तिकडे पंखा शे," एवढंच त्याला सांगितलं.

शूटिंग धुळ्यात, निर्मलकुमार शेठच्या कापडाच्या गोदामात. गठ्ठ्यांच्या भिंतींमुळे बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणून ललितने तेच रेडिओ स्टेशन ठरवलेलं. खिडक्या-दारांना काळ्या घोंगड्या लावल्या होत्या. बाहेर टळटळीत दुपार, आत मध्यरात्र. शेठ दिवस मावळायच्या आत जेवणारे, तेव्हा कुलूप त्याआधी लागणार, हे त्यांनी गोडीत पण दोनदा सांगून ठेवलं होतं.

रेडिओवाली झालेल्या मुलीचं नाव भूमिका, ती जळगावची, नाटकातून आलेली. तिच्यासमोर माईक, पलीकडच्या कोपऱ्यात फोन कानाला लावून बेबाबाई, आणि नवरा दाराच्या घोंगडीपलीकडे पडवीत बनियनवर, पंख्याखाली.

"अक्का, आधी विचारायचं, 'हॅलो, पुन्हा बोला?' मग तुझ्या बोलीत काय ते बोल," ललित म्हणाला.

"हॅलो, परत बोला?" बेबाबाई म्हणाली.

"परत नाही, पुन्हा. चला, पुन्हा!"

"हॅलो, आखो बोला?" तिने अहिराणीतला प्रतिशब्द काढला.

आता इथे नवऱ्याचं नाव सांगायलाच हवं, कारण बेबाबाई ते सांगणार नव्हती. त्याचं नाव पुना. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका गावोगाव आहेत, पण त्यांना निदान पोरांचा आधार असतो, अमक्याचे बाबा म्हणून भागतं. बेबाबाईला तोही नव्हता. जन्मभर नुसतं 'ओ, आयकं का'. शिवाय हे नाव असं सोकावलेलं की भलत्याच शब्दांत शिरून बसायचं. पुन्हा हा शब्द तिने लग्नापासून तोंडातून काढला नव्हता, आणि पुण्याला ती 'पोरांच्या नोकऱ्यांचं गाव' म्हणायची.

ललित 'पुन्हा, पुन्हा' ओरडून घामाघूम झाला. शेवटी भूमिकाच उठून तिच्याजवळ आली.

"अक्का, बाहेर बसलेल्या नानांचं नाव काय हो?"

बेबाबाईने पदर तोंडाला लावला. "तोच शबद शे, बाई."

भूमिकाला हसू आवरेना. तिने ललितला सांगितलं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या आजीनेही आजोबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण कार्यक्रमाचं नाव बदलणं शक्य नव्हतं, बाकी सगळ्यांचे फोन चित्रित होऊन गेले होते.

"अक्का, राग मानू नको," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्यावर जबरदस्ती नाही. मेघा आहे इथे, ती करेल हे काम. तू घरी जा निवांत."

मेघा म्हणजे दुसऱ्या एका फोनवाल्या बाईचं काम केलेली मुलगी. ती लगेच उठून उभीही राहिली. बेबाबाईने फोन खाली ठेवला नाही. मेघा छान बोलेल, यात शंका नव्हती. पण ती कुणाचे आभार मानणार? आणि ज्याला हाकच मारायची नाही, त्याचे आभार तरी कसे मानायचे?

"मीच बोलसू," ती म्हणाली.

 कॅमेरा सुरू झाला. बेबाबाईने डोळे मिटले, आणि तिच्या त्या घोगऱ्या, ट्रकांना पुरून उरणाऱ्या आवाजात म्हणाली, "हॅलो, पुना, बोला?"

मघापासून ललितने ओरडलेल्या शंभर 'पुन्हां'नी पडवीतला माणूस हलला नव्हता. या एकाने तो ताडकन उठला.

"काय बोलू वं?"

घोंगडी सरकली. भर मध्यरात्री गोदामात ऊन शिरलं, आणि त्या उन्हात बनियनवर पुना उभा. भूमिका तोंड दाबून हसू लागली, मेघा गठ्ठ्यावर बसून हसू लागली. ललितने कॅमेरा बंद करायला सांगितलं.

बेबाबाई हसली नाही. सिनेमा गेला खड्ड्यात, असं तिला वाटलं. फोन तसाच कानाला, नजर नवऱ्याकडे.

"तुम्ही नका बोलू. मीच बोलस," ती म्हणाली. "पाव्हना उनथात त्या दिन तुम्ही मनी बाजू लिधी. जलमभर माले सांगता उनं नही. तुम्हना भलता उपकार शेत मनावर."

आता कुणीच हसत नव्हतं. पुना तिच्याजवळ गेला. तिच्या हातातला फोन त्याने घेतला. त्या फोनला वायरसुद्धा नव्हती. त्याने तो नीट कानाला लावला आणि जरा खाकरला.

"हॅलो," तो पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवत म्हणाला. "मी आठेच शे. त्या दिन बी आठेच व्हतू."