गुरुवारचा सेन्सर

"हा सेन्सर गुरवारीच चालते. बाकी दिवशी उपास असते त्याचा," आमच्या प्रयोगशाळेतले मामा दारातल्या वॉचमनला सांगत होते. मामा तिथले शिपाई. अमरावतीत आमच्या विभागात सगळेच त्यांना मामा म्हणत.

गंमत अशी की ते खरं होतं. टंगस्टन आणि ऑक्सिजनच्या अणूंचे गोलसर घोस मी काचपट्टीवर पातळ थरात बसवले होते. त्या थराला अमोनिया लागला की संगणकावरची रेघ वर चढायला हवी. इतर दिवशी ती आडवी झोपून असे. गुरुवारी चढे.

माझ्या गाइड सरांनी यावर बराच विचार केला. गुरुवारी विजेचा दाब स्थिर असतो, असं त्यांचं मत पडलं. एका सीनियरने हवेतल्या ओलाव्यावर अर्धं पान लिहिलं. शेवटी सगळी रीडिंग्ज गुरुवारीच घ्यायची ठरली, आणि त्यावरच्या संशोधन-पेपरवर पहिलं नाव माझं.

मला कारण माहीत होतं. मामा दर गुरुवारी माझ्या यंत्राला हळद-कुंकू लावत आणि पाच उदबत्त्या पेटवून नेमक्या हवेच्या पंपाच्या तोंडाशी खोचत. धूर थेट थरावर. तीन गुरुवार मी हे पाहिलं आणि वहीत सुवाच्य इंग्रजीत लिहून ठेवलं. बोलले मात्र नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी अकोल्याच्या शाळेत इतकं नीट शिकले होते की त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं. शिवाय मामा जाताना हटकून विचारत, "ताई, आज देवानं आयकलं ना तुमचं?" त्यांना काय सांगणार?

चौथ्या गुरुवारी सर पेपर पाठवायलाच बसले. "शेवटचा एक ग्राफ घे, की देतो पाठवून."

उदबत्त्या पेटल्या. रेघ अशी चढली की सीनियरने टाळी वाजवली. मामांनी यंत्राला हात जोडले.

"काहून ताई, तोंड पाडून काहून बसल्या?" ते म्हणाले. "खूश व्हा न जरा."

सरांचं बोट बटणावर होतं. उदबत्तीचा पेपर आता अमोनियाच्या नावाने जगभर जाणार होता, आणि माझ्याही.

"सर," मी म्हणाले, "अमोनियाची नळी मी आज उघडलेलीच नाही."