पुलावर तरंगणारी नाव

आमची सूनबाई काय करते, असं कुणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगतो, "भिंतींना धडका मारते!" समोरचा गोंधळला की मला फार बरं वाटतं. मग खुलासा करतो. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओत होती. इतरांनी बनवलेल्या गेममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. माणूस भिंतीतून आरपार जातो का, दारामागे खोली आहे का, हे दिवसभर बघायचं. तिथे तिला सगळे 'घूस' म्हणायचे. आमची ही चिडली. मी म्हटलं, अगं, पदवी आहे ती!

त्यांचा नावाड्याचा गेम घरोघरी खेळला जायचा. नदी, नाव, वल्ही आणि पलीकडे जायला थांबलेली माणसं, बस्स. त्यात एक चूक राहून गेली होती. पुलाखालून नाव उलटी वल्हवली, की ती पाण्यातून उठून थेट पुलावर हवेत तरंगायची. सूनबाईने ती शोधली, पण दुरुस्त व्हायच्या आत गेम बाजारात गेला आणि लोक त्या चुकीवरच खूश! मग तीच म्हणाली, राहू दे.

पुढे एका मोठ्या कंपनीने स्टुडिओ विकत घेतला. दुसरा भाग बरा होता. तिसऱ्यात घाटाघाटावर दुकानं आली. चौथ्यात तर जाहिरात बघितल्याशिवाय वल्हं हलेना. खेळणारे विटले, आणि एक दिवस वरून हुकूम आला, स्टुडिओ बंद.

नोकरी जाणार होती, पण तिला घोर वेगळाच. "बाबा, गेम सुरू होताना दर वेळी आमच्या सर्व्हरला विचारतो, उघडू का? सर्व्हर बंद झाला की हो म्हणायला कुणी नाही. लोकांच्या घरातला पहिला भागसुद्धा उघडणार नाही."

तिने मोठ्या साहेबांचा पिच्छाच पुरवला. न विचारता उघडेल अशी शेवटची दुरुस्ती पाठवायची परवानगी मिळाली. अटी दोन. सर्व्हर बंद होण्याआधी पाठवायची, आणि सगळं ठीक आहे हे सूनबाईने सांगायचं. नंतर चूक निघाली तर सुधारायला कुणी उरणारच नव्हतं.

त्या शेवटच्या दुपारी ती चार्जर घरी विसरली, म्हणून मी घेऊन गेलो. खुर्च्या केव्हाच नेल्या होत्या. मंडळी खोक्यांवर बसून काम करत होती. बारा महिने लोकरी टोपी घालणारा प्रोग्रामर, सगळ्यांचा 'टोपी', खुशीत होता. "झालं! एकदम चकाचक."

सूनबाईने रिमोट माझ्या हातात दिला. "बाबा, खेळा."

"अगं, मला कुठे येतं?"

"म्हणूनच."

ही तिची जुनी रीत. सरळ खेळणाऱ्याला चुका सापडत नाहीत म्हणते, आणि घरात माझ्याइतकं वाकडं खेळणारं कुणी नाही. घरी अर्धवट सोडलेला माझा खेळ तिने तिथे आणून ठेवला होता. उघडला, तर पुलावर ठेवलेली माझी नाव पुलाच्या दगडात रुतलेली! वल्ही मारमार मारली, ढिम्म हलेना.

"टोपी, तू पुलाची चूक काढलीस?"

"मग! शेवटचं पाठवायचं, म्हटलं स्वच्छ करून पाठवू. इतकी वर्षं डोळ्यात सलत होती."

"अरे शहाण्या, पुलावर नाव ठेवून ज्यांनी गेम बंद केलाय, ते सगळे आता कायमचे दगडात!"

टोपीने टोपी काढली. टक्कल तेव्हा दिसलं.

"मग आता?"

"चूक परत घाल."

"इतकी वर्षं चुका काढायला माझ्या मानेवर बसलीस, आणि आज..."

"आज घाल म्हणतेय. आणि नीट घाल, पहिल्यासारखी!"

त्याने घातली. तिने पुन्हा पुन्हा पुलाला धडका मारून पाहिल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन. "चूक नाही ना एकही?"

"एक आहे, साहेब. जिथे हवी तिथेच."

पलीकडून हसू ऐकू आलं. "पुलाची? पाठवा, पाठवा!"

संध्याकाळी सर्व्हर बंद झाला. सगळे माझ्याभोवती गोळा. मी बटण दाबलं. पडदा काळा... आणि नदी आली! कुणालाही न विचारता आली. नाव पुलावर डौलात तरंगत होती. टोपीने टोपी छताला फेकली. सूनबाईच्या फोनवर कुठल्या कुठल्या लोकांचे फोटो येऊन थडकू लागले, सगळ्यांच्या नावा पुलावर!

"बाबा, उतरवा आता खाली," ती डोळे पुसत हसली, "घाटावर माणसं खोळंबलीत."

"थांबू दे गं त्यांना. आता काय घाई आहे?"