रांधणारणीची वाटी

आत्याबाई कुणाच्याही घरी गेल्या की पायावर पाणी घेऊन थेट चुलीपाशी जायच्या आणि पातेल्यावरचं झाकण उचलायच्या. आपण ‘बसा’ म्हणेपर्यंत त्यांचं बघून झालेलं असायचं. वर विचारायच्या, “नुसता रस्साच काहून? जेवणारं काय पोहायला येऊन राहिलं?” त्यांच्या शिरड शहापुरात बाया त्यांना टरकून असायच्या. मी मात्र त्या सवयीमुळंच आज धडधाकट आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्त फार कमी आहे, असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल. गोळ्या दिल्या, नीट जेवा म्हणाल्या. पण बाळापूरला आमच्या शेतात हळद शिजवणं चाललेलं. भाकरी थापता थापता दिवस सरायचा. आधी पुरुष, मग मजूर, मग लेकरं आणि शेवटी आम्ही सासू-सुना. तोवर पातेल्यात खरवड उरायची. सासूबाई वाईट नव्हत्या हो. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या मायेनंच सांगायच्या, “हात राखून खाय. पोटात लेकरू मोठं झालं की सुटका होताना तकलीफ होती.” मलाही ते खरं वाटायचं.

हळदीच्या कामाला हातभार म्हणून आत्याबाई आल्या आणि नेमक्या माझ्या जेवणाच्या वेळी त्यांनी झाकण उचललं. आत बघितलं, मग माझ्या ताटात बघितलं.

“भूकच नाही मला,” मी म्हणाले.

“भूक न्हाई म्हणणाऱ्या बाईचं पातेलं आधी बघावं,” असं म्हणून त्या खाली बसल्या आणि पिशवीतला गूळ-शेंगदाणा माझ्या पुढ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून भाकरी माझ्या, पण चूल त्यांच्या ताब्यात. न्हाणीमागच्या शेवग्याचा पाला ओरबाडून मुगाच्या डाळीत. ज्वारीच्या कण्या, त्यावर ताक. तिळाची नाही तर कारळाची चटणी, वर लिंबू. “यात काय अवघड हाय? पाला तोडायचा, डाळीत टाकायचा. येगळी चूल थोडीच पेटवायची?” गोळीचीही आठवण त्याच करायच्या. “गोळी बी घे. पण ती एकटी काय करंल, तिला जोडीला भाकर लागती.”

खरा गोंधळ झाला तो वाटीवरून. देवाचा निवद काढला की त्याच पळीनं त्या दुसरी वाटी भरायच्या, तळापासून ढवळून. ही रांधणारणीची, म्हणजे माझी. तीही पुरुषांच्या आधी!

सासरे कुरकुरले, “अक्का, ही काय रीत हाय का?”

“आजपासून हाय. देवानं नावं ठेवली न्हाईत, तू काहून ठेवून राहिला?”

सासरे पाटावर जाऊन बसले. मी वाटी संपवेपर्यंत आत्याबाई समोरून हलत नसत.

रक्त वाढलं. मुलगी झाली, चांगली बाळसेदार, आणि मीही सुखरूप सुटले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी आत्याबाईंचे पाय धरायला वाकले, तर त्यांचं लक्षच नव्हतं. त्या सासूबाईंकडं बघत होत्या.

“आता दवाखान्यात आलोच हावोत तर हिचं बी रगत बघा,” त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

“मला काय झालंय? चांगली हिंडून-फिरून राहिले,” सासूबाई हसल्या.

रिपोर्ट आला. माझं सुरुवातीला होतं त्याहूनही त्यांचं कमी होतं. इतकी वर्षं आमच्या घरात कुणी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी निवद काढला आणि दोन वाट्या भरल्या. एक मला बाजेवर आणून दिली, दुसरी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. सासूबाईंनी घास उचलला, पण तोंडात जाईना. त्या सारख्या दाराकडं बघत होत्या. “हे आले तर?” त्यांनी हळूच विचारलं. घरातल्या कुणाच्याही आधी त्या कधी जेवल्याच नव्हत्या.

आत्याबाईंना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. त्यांची आठवण निघाली की मला त्या दिवशीच्या आत्याबाईच दिसतात. सासूबाईंचा प्रश्न ऐकून त्या उठल्या, पदर खोचून दारात जाऊन आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी हाय दारात. तू खाय.”