कशावरूनबाई

आमच्या कंपनीत त्या आल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. त्याआधी सव्वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. शाळेची पुस्तकं, औषधांसोबतची माहितीपत्रकं, कायद्याचे मसुदे, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. छापखाना बंद पडला आणि त्या आमच्या वेबसाइटचं शुद्धलेखन बघायला लागल्या. आमची कंपनी मनगटावर बांधायचं एक यंत्र बनवते. घरात म्हातारं माणूस पडलं की यंत्राला ते कळतं आणि मुलामुलींच्या फोनवर निरोप जातो. वेबसाइटचा मजकूर मी लिहायचो, म्हणून त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून, खिडकीशी मांडलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या तीस चुका काढल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या होत्या, मी निमूट मान्य केल्या. एकतिसावी मात्र वेगळी होती. ‘हजारो कुटुंबांचा विश्वास’ या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कशावरून?’

“बाई, यात शुद्धलेखन काय चुकलं?”

“शुद्धलेखन बरोबर आहे. हजारो म्हणजे किती?”

मी विक्रीवाल्यांना विचारून आलो. यंत्रं गेली होती आठशे चाळीस.

“मग आठशे चाळीस लिहा की,” त्या म्हणाल्या. “आठशे चाळीस घरं म्हणजे काय थोडी झाली?”

महिनाभरात अख्खं ऑफिस त्यांना कशावरूनबाई म्हणायला लागलं, अर्थात पाठीमागे. त्यांच्या कानावर गेलंच. “छापखान्यात खडूस म्हणायचे,” त्या मला म्हणाल्या. “त्यापेक्षा हे बरंय.”

मग त्या आमच्या सगळ्यात मोठ्या ओळीपाशी पोचल्या. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, ‘घरातलं प्रत्येक पडणं ओळखतं.’ ही ओळ सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झालो होतो. तिच्याखाली पेन्सिल फिरली तशी मी त्यांना घेऊन थेट इंजिनिअरकडे गेलो. म्हटलं, एकदाचं समाधान होऊ दे.

इंजिनिअरनं आकडे दाखवले. दोनशे वेळा पडून बघितलं होतं, एकशे नव्व्याण्णव वेळा यंत्रानं ओळखलं होतं.

“पडलं कोण?” बाईंनी विचारलं.

“आम्हीच. खाली गादी टाकून.”

“आणि सगळे धाडकन पडलात?”

“पडणं म्हणजे धाडकनच ना?”

बाई हसल्या. “माझे सासरे गेल्या वर्षी तीनदा पडले. एकदाही आवाज झाला नाही. दोरीवरून ओली चादर सरकावी तसे पलंगावरून खाली आले.”

इंजिनिअरनं ड्रॉवरमधलं एक यंत्र काढून बाईंच्या हातात ठेवलं.

रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. निरोप येतो का बघायला फोन घेऊन कुणीतरी बसायला हवं होतं. दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. सासरे एकोणऐंशी वर्षांचे, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले. ते खुर्चीत ताठ बसले आणि बाई यंत्र बांधून पलंगाच्या कडेवर.

“सूनबाई, गुडघा आधी सोड,” सासरे म्हणाले. “हात नंतर. मी असा नव्हतो पडलो.”

“बाबा, असं?”

“अजून सावकाश. तुला घाई फार.”

वीस वेळा त्या पलंगावरून घसरल्या. माझ्या हातातला फोन आठ वेळा वाजला. बारा वेळा वाजलाच नाही. शेवटी बाई फरशीवर बसूनच वहीत आकडे लिहीत होत्या आणि सासरे मला विचारत होते, “तुमच्या कंपनीत आमच्यासारख्यांना कुणी विचारत नाही का हो, पडताना काय होतं ते?”

सोमवारी बाईंनी वही मीटिंगमध्ये ठेवली. जाहिरात विभागाचे साहेब वैतागले. “बाई, तुमचं काम वेलांट्या बघायचं.”

“तेच करतेय, साहेब. ‘प्रत्येक’ हा शब्द चुकलाय.”

आमच्या मालकीणबाई वही वाचत होत्या. त्यांची आई पडून चार तास तशीच राहिली होती, त्यातूनच ही कंपनी निघाली. त्यांनी एकच विचारलं, “बारा वेळा फोन वाजलाच नाही?”

“नाही,” मी म्हणालो. मजकूर माझा होता, उत्तरही मीच द्यायला हवं होतं.

पुढचे दीड महिने एका फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नीट चाचणी झाली. धाडकन पडणं शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा ओळखलं, सावकाश सरकणं शंभरातून फक्त त्रेचाळीस वेळा. दोन्ही आकडे पहिल्या पानावर गेले, चाचणी कुणी, कुठे, कशी केली यासकट. साहेब म्हणाले, आता दुकानाला कुलूप लागणार. पहिल्या महिन्यात विक्री घसरली, हे खरं. दोन महिन्यांत पुन्हा होती तिथे आली.

मग एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “चार कंपन्यांच्या वेबसाइट वाचल्या. काय जमत नाही ते तुम्हीच लिहिलंय. म्हणून तुमचं घेतलं, आणि आईच्या पलंगाशी हाताला येईल अशी घंटाही बसवली.” त्यांची आई आदल्या दिवशी पलंगावरून सरकली होती. यंत्र गप्प राहिलं. घंटा वाजली. “तक्रार करायला फोन केलेला नाही,” त्या म्हणाल्या. “लिहिणाऱ्याला सांगा.”

लिहिणारा मी होतो, पण फोन मी शेजारच्या टेबलावर दिला. कशावरूनबाई नुसतं “हो, हो, बरं झालं” म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर चष्मा काढून पदरानं पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

त्याला चार वर्षं झाली. आता मजकूर लिहायच्या आधी इंजिनिअरच त्यांच्या टेबलाशी येऊन बसतो. परवा नव्या यंत्राचं पान माझ्याकडे आलं, ‘बॅटरी सात दिवस चालते.’ मी काही बोलायच्या आत बाईंनी तीन यंत्रं चार्ज करून, तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून खिडकीत मांडली. पाचव्या दिवशी दुपारी त्यातलं एक बंद पडलं. बाईंनी ते मला इतक्या आनंदानं आणून दाखवलं, की मलाही हसू आलं. मी सातचे चार केले आणि आम्ही चहाला गेलो.