चौदा नंबरचा डबा

पहिला घोट घेतला आणि चवबाईंच्या काळजात धस्स झालं. संत्रं लागलं, मध लागला, आल्याचा चटका घशाशी जिथे लागायला हवा तिथेच लागला, दूधसुद्धा लागलं. चहा मात्र लागला नाही. त्यांनी दुसरा घोट घेतला, जिभेवर घोळवला, कारखान्यातल्या सवयीने सुर्रकन हवा आत ओढली. तरीही काही नाही. चहाच्या जागी जिभेवर नुसतं एक भोक पडलं होतं.

तुमच्याआमच्या बाबतीत हे झालं असतं, तर आपण ‘फिका झालाय’ म्हणून आणखी चमचाभर पावडर ढकलली असती आणि विसरून गेलो असतो. पण या बाईंचं सगळं आयुष्य त्या एका चवीवर उभं होतं. चहाच्या पॅकिंगच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं त्या चहा चाखत होत्या. लागल्या होत्या खोक्यांवर लेबलं चिकटवायला. एकदा सहज म्हणून गेल्या, की ही दोन खोकी वेगवेगळ्या गावांची म्हणताय खरी, पण वास एकाच मळ्याचा येतोय. सगळे हसले. चौकशी केली तर बाईंचंच खरं निघालं. दुसऱ्या दिवशी लेबलांची बादली दुसरीच्या हातात गेली आणि यांच्या हातात चमचा आला. तेव्हापासून रोज सकाळी पांढऱ्याशुभ्र कपांच्या रांगेसमोरून चालायचं, चमचाभर ओढायचा, घोळवायचा, थुंकायचा आणि गुणांचा एक आकडा सांगायचा. साठ कप, साठ आकडे. ‘चवबाई’ हे नाव तिथल्या पॅकिंगवाल्या पोरींनी ठेवलेलं. ते चालत चालत घरी आलं, आणि सासूबाईसुद्धा चिडल्या की ‘आल्या आमच्या चवबाई’ म्हणू लागल्या.

या जिभेचे लाड घरातल्या सगळ्यांनी सोसले. घरात वासाचा साबण नाही, अत्तर नाही, न्याहारीला कांदा नाही. आणि डब्यांवर नावं नाहीत. हो, नावं नाहीत! कारखान्यात नमुन्याच्या डब्यांच्या झाकणावर फक्त नंबर असतो, कारण नाव वाचलं की जीभ आधीच मत बनवून मोकळी होते. बाईंनी तो नियम थेट स्वयंपाकघरात आणला. साखर तीन नंबर, मीठ आठ, हळद अकरा. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याने कॉफीत दोन चमचे आठ नंबर घातलं, आणि मग सगळं पाढ्यांसारखं पाठ करून टाकलं. बिचारा लिफ्ट दुरुस्त करतो, आकड्यांना तसा घाबरत नाही.

चौदा नंबरच्या डब्यात हिवाळ्याचा चहा असे. थंडी पडली की एका शनिवारी बाई हिरव्या चहाची उत्तम पानं मिक्सरवर पिठासारखी दळायच्या, रविवारी दुपारी संत्र्याची साल आणि आलं घालून उकळायच्या, मध घालायच्या, वर दुधाचा जाड फेस सोडायच्या. त्या फेसात काडीने मांजराचं तोंड काढायचं, संत्र्याच्या सालीचे दोन कान खोचायचे, आल्याच्या किसाच्या मिशा लावायच्या. वर्षभर आकडे बोलणारी ही बाई त्या एका दुपारी जीभ बाहेर काढून मांजराच्या मिशा सारख्या करत बसायची. अकरा हिवाळे हे चाललं होतं, आणि अकरा हिवाळे घरच्यांनी कपाला डोक्यावर घेतलं होतं. याच कौतुकाच्या जोरावर यंदा बाईंनी कारखान्याच्या मालकीणबाईंना शब्द दिला होता, की हिवाळ्याच्या नव्या पाकिटासाठी मीच एक पेय देते, घरी वर्षानुवर्षं तपासलेलं आहे. उद्या सकाळी दहा वाजता तो कप मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवायचा होता. मांजर अर्थात वगळायचं होतं. कामाच्या ठिकाणी असला पोरखेळ कोण नेतं?

आणि आज, आदल्या दिवशी, हे असं.

बाई ओट्याशी खांबासारख्या उभ्या राहिल्या. टेबलाशी बसलेल्या सासूबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

“वा! चहा कसा ठळक उतरलाय आज.”

“मागच्या वर्षीपेक्षा कडक आहे,” नवरा म्हणाला. “पण छान कडक. उद्या मालकीणबाई खूश होणार बघ.”

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे चहात चहा आहे! या दोघांना लागतोय. म्हणजे पावडर ठीक, पाणी ठीक, भांडं ठीक, आणि गेली ती आपली जीभ. मघाशी पावडरीचा रंग जरा मातकट वाटला होता, पण नवऱ्याने कालच पिवळा दिवा लावलाय, त्याने दिसत असेल तसा, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता तर रंगाचा विचारही मनात आला नाही. त्यांना आठवला तो त्यांच्या आधीचा म्हातारा टेस्टर. एका थंडीत त्याची जीभ गेली, ती परत आलीच नाही. तो आता कारखान्याच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहून घेतो. भेटला की हसतो, पण चहा दिला तर नको म्हणतो.

“काय गं, गप्प का?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही. गरम होता.”

नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या आणि गुपचूप आठ नंबर उघडलं. मीठ खारट लागलं. लिंबू चाटलं, आंबट. म्हणजे सगळं जिवंत होतं, ज्याच्यासाठी पगार मिळतो तेवढंच मेलं होतं. हे तर जास्तच भयंकर.  उद्या साठ कपांच्या रांगेसमोर उभं राहून काय सांगायचं? मनाने आकडे फेकायचे? आणि किती दिवस?

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि लेक बाहेर आली. ही चष्म्याच्या दुकानात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी चेहऱ्याला काही ना काही फासून बसते. आई कारखान्यातून चाखून झालेल्या पानांचा चोथा आणते, गॅलरीत वाळवते. लेक तो दळते आणि त्याचा लेप करते. दर वेळी तिचा चेहरा मळलेल्या पायपुसण्यासारखा दिसतो. आज तो पोपटासारखा हिरवागार होता. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि हातातला कप हिंदकळला.

“आई,” लेक ओठ न हलवता म्हणाली, “आज हा लेप असा का झालाय? आणि किती मस्त वास येतोय बघ ना!”

वास बाईंपर्यंत आधीच पोचला होता. त्या तीन ढांगांत लेकीपाशी गेल्या, तिची हनुवटी धरली, नाक गालाला लावलं. मग, काय सांगावं, बोटाने गालावरचा लेप निपटला आणि सरळ तोंडात घातला.

“ईऽऽ! आई, काय करतेस?”

चहा! जिभेवर चहा फुटला. कोवळ्या पानाचा, पहिल्या तोडणीचा, शेवटी जिभेला किंचित ओढून धरणारा. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लेकीच्या हिरव्या गालाचा मुका घेतला, आणि त्यांच्याही नाकाला रंग लागला.

“काल मिक्सरवर तू काय दळलंस?”

“चोथा. तुझी पावडर दळून ओट्यावर होती, तिच्याशेजारीच माझं दळलं. मग दोन्ही डबे लावून टाकले.”

“झाकणं?”

लेकीने हिरव्या हाताने डोकं धरलं. “झाकणं... लावली गं. आता कुठलं कशाला, ते...”

डबे सारखे, नंबर झाकणावर, आणि झाकणांची अदलाबदल. उत्तम पानं लेकीच्या तोंडाला गेली आणि वापरून, वाळवून, दळलेला चोथा चौदा नंबरच्या झाकणाखाली आला. बाईंना हसू फुटलं. जीभ शाबूत होती! त्या हसत हसत टेबलाकडे वळल्या, आणि वळता वळता त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

“म्हणजे तुमच्या कपात चोथा होता,” त्या हळू म्हणाल्या. “त्यात चहा नावालाही नव्हता. मग आई, तुम्हाला तो ठळक कुठून लागला? आणि तुम्हाला कडक?”

नवरा छताकडे बघू लागला, जणू लिफ्ट तिथेच अडकली होती.

“बोला ना!”

“अगं, आम्हाला काय कळतंय त्यातलं?” शेवटी सासूबाई म्हणाल्या. “तू घोट घेतेस, आम्ही तुझ्या तोंडाकडे बघतो. भुवया वर गेल्या की म्हणायचं छान. आज तर तू पुतळ्यासारखी उभी राहिलीस. मला वाटलं, फारच जमलंय.”

“अकरा वर्षं?”

“पहिल्या वर्षी सांगणारच होते, कडू आहे म्हणून. पण तू त्या मांजराच्या मिशा इतक्या मनापासून लावल्या होत्यास, म्हटलं जाऊ दे. दुसऱ्या वर्षी सांगायचं, तर तू विचारणार, मग पहिल्या वर्षी का नाही बोललात? असं करत करत राहून गेलं.”

“मी अर्धा कुंडीत ओततो,” नवऱ्याने कबूल करून टाकलं.

“बाबा! तरीच ते झाड दर थंडीत मान टाकतं,” लेक ओरडली. “मला वाटायचं मीच पाणी कमी घालते.”

बाई खुर्चीवर मटकन बसल्या. जीभ गेली असं वाटलं तेव्हाही त्या इतक्या हादरल्या नव्हत्या. उभ्या शहराचा चहा आपण पारखतो, मळा सांगतो, पाऊस कमी पडला की जास्त ते सांगतो, आणि आपल्याच टेबलावर तीन माणसं अकरा वर्षं तोंडं वाकडी करत होती ते दिसलं नाही? त्यांना राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. यांच्याच भरवशावर उद्या त्या मालकीणबाईंपुढे जाणार होत्या. मालकीणबाई काही चवबाईंच्या भुवया बघून पाकीट बाजारात आणणार नव्हत्या.

“कारखान्यात दोन टेस्टर समोरासमोर कधी चाखत नाहीत,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “एकाचं तोंड बघून दुसऱ्याची जीभ वळते. पाठीला पाठ लावून उभं राहायचं, हा पहिला धडा. आणि मी घरात अकरा वर्षं तुमच्यासमोर तोंड करून बसले.”

त्या उठल्या. बाथरूममधून खरी पावडर आणली आणि नेहमीच्या मापाने तोच चहा पुन्हा केला. तीन कप टेबलावर ठेवले, आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“आता सांगा. गोड बोलाल तर बघा.”

 मग एक एक आवाज मागून यायला लागला. कडू आहे. जीभ खरखरीत होते. सालीचा पांढरा भाग उतरतो, तो औषधासारखा लागतो. एवढा कडक कोण पितं? बाई खिडकीची कडी घट्ट धरून ऐकत होत्या. जिभेचं ते खरखरणं म्हणजे त्यांच्या लेखी चहाचा प्राण होता. त्यालाच कारखान्यात सगळ्यात वरचा आकडा मिळतो. प्रत्येक शब्द थोबाडीत बसल्यासारखा बसत होता, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“आणि मांजर?” त्यांनी विचारलं. “ते तर मी काढूनच टाकणार होते.”

“वेडी आहेस का?” लेक म्हणाली. तोंड धुतल्यावरही तिच्या कानामागे हिरवं राहिलं होतं. “अकरा वर्षं आम्ही त्या मांजरासाठीच तर बसतो. तू अशी हसतेस कधी एरवी?”

 बाईंनी पातेलं विसळलं आणि तिसऱ्यांदा चहा ठेवला. या वेळी सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पावडर निम्मी घेतली. पाणी उकळून चांगलं निवू दिलं. सालीचा पांढरा भाग लेकीने सुरीने खरवडून काढला. दूध वाढवलं. बाईंनी चमचाभर चाखून बेसिनमध्ये थुंकला. अशा कपाला त्या कारखान्यात ‘पाणचट’ म्हणून साठांत सगळ्यात खालचा आकडा देतात. त्यांनी मुकाट्याने मांजरं काढली, कान खोचले, मिशा लावल्या, कप टेबलावर नेले आणि परत खिडकीकडे तोंड केलं.

मागे फुंकर घातल्याचा आवाज आला, मग घोटांचा.   उद्याचे दहा वाजायला फार वेळ उरला नव्हता, आणि हेही फसलं तर देण्यासारखं हातात काही नव्हतं. तळाचा फेस चमच्याने खरवडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ रिकामा कप टेबलावर टेकला.

“अजून आहे का गं थोडा?” सासूबाईंनी विचारलं.

“मलाही,” नवरा म्हणाला.

चवबाई वळल्या आणि दोघांपुढच्या रिकाम्या कपांकडे बघत राहिल्या. अकरा हिवाळ्यांत या घरात कोणीही दुसरा कप मागितला नव्हता, आणि ते त्यांना आज, या क्षणी कळत होतं.